पंख्यासमोरचा माणूस

इंजिन हाताने चालू करताना काय जपावे लागते, हे भिवापूरच्या जुन्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. नागपूर जिल्ह्यातले हे गाव मिरचीचे. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलाभोवती आवळायचा नाही, हे बाप मुलाला पहिल्याच दिवशी बजावत असे. इंजिनाने उलटा झटका दिलाच तर हँडल हातातून निसटून जावे, मनगट मोडू नये, यासाठी. या प्रकरणाचा विषय त्याच जातीचा आहे. फक्त इथे हँडलाच्या जागी विमानाचा सहा फुटांचा धातूचा पंखा आहे, आणि इंजिन लागल्यावर तो काढून बाजूला ठेवता येत नाही. ज्याला हात लावून इंजिन जागे केले, तोच पंखा पुढच्या क्षणी त्या हातापासून वीतभर अंतरावर फिरू लागतो.

आज नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशाने असे दृश्य पाहिलेले नसते. मात्र १९६०च्या दशकात देशातल्या कुठल्याही फ्लाइंग क्लबच्या मैदानावर सकाळी सकाळी ते हमखास दिसे. हँगरमधून कापडी पंखांचे एक छोटे विमान बाहेर ढकलले जाई. शिकाऊ वैमानिक आत बसे, मेकॅनिक समोर येऊन पंख्याला हात घाली. हे विमान म्हणजे 'पुष्पक'. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात ते तयार झाले आणि २८ सप्टेंबर १९५८ रोजी पहिल्यांदा उडाले. त्यामागे डॉ. विष्णू माधव घाटगे यांचे डोके होते. घाटगे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीतल्या ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिकी शिकून आलेल्या या मराठी माणसाने 'एचटी-२' हे भारतीय आरेखनाचे पहिले प्रशिक्षण विमान घडवले, आणि पुढे 'पुष्पक', 'कृषक' आणि 'किरण' ही विमानेही. 'पुष्पक' दीडशेच्या आसपास बनली आणि बहुतेक फ्लाइंग क्लबांकडे गेली. हजारो भारतीय तरुणांनी आकाशातली पहिली घिरटी त्यात घेतली.

'पुष्पक' स्वस्त, हलके आणि साधे असावे हा हेतू होता. दोन माणसे शेजारी शेजारी बसतील एवढी जागा, पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड, आणि पुढे कॉन्टिनेंटल कंपनीचे सी-९० हे ९० अश्वशक्तीचे चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन. या इंजिनाची जी आवृत्ती 'पुष्पक'ला बसवली होती, तिला स्टार्टर नव्हता. स्टार्टर नाही म्हणजे जड बॅटरीही नको, आणि देखभालीचा खर्चही कमी. क्लबांच्या तुटपुंज्या पैशांत तेच परवडणारे होते. ही काटकसर चुकीची होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्यामुळेच मध्यमवर्गातल्या मुलामुलींना उड्डाण शिकता आले. पण तिची किंमत रोज सकाळी पंख्यासमोर उभा राहणारा माणूस स्वतःच्या अंगावर घेत होता. त्याचे नाव कुठल्याही लॉगबुकात लिहिले जात नव्हते.

पंखा हाताने फिरवला की इंजिन चालू कसे होते, हे समजले तर धोका कुठे दबा धरून बसला आहे तेही समजते. मोटारीच्या इंजिनात ठिणगीसाठी बॅटरीची वीज लागते. छोट्या विमानाच्या इंजिनात मात्र मॅग्नेटो नावाचे उपकरण असते, तेही एक नाही, दोन. मॅग्नेटोमध्ये एक चुंबक इंजिनाबरोबर फिरतो आणि त्या फिरण्यातूनच वीज निर्माण होते. बॅटरी मेली, वायर जळली, दिवे गेले, तरी इंजिन हवेत बंद पडत नाही. वैमानिकासाठी यासारखी दुसरी सोय नाही. पण ह्याच सोयीची दुसरी बाजू जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला भोवते, कारण मॅग्नेटोला चालू करावे लागत नाही. तो मुळातच चालू असतो, त्याला बंद करावे लागते.

घरातल्या दिव्याचे बटण बंद केले की तार तुटते आणि वीज थांबते. मॅग्नेटोचा स्विच नेमका उलट वागतो. तो 'ऑफ' केला की एक तार जोडली जाते आणि मॅग्नेटोची वीज ठिणगीच्या प्लगकडे न जाता विमानाच्या धातूच्या सांगाड्यात उतरते. ही बारीक तार कंपनाने तुटली, तिचे टोक सैल झाले किंवा स्विच आतून झिजला, तर किल्ली 'ऑफ'वर असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो. कॉकपिटमध्ये बसलेल्याला ते कळत नाही, समोर उभ्या असलेल्याला तर मुळीच नाही. त्यात इंजिन नुकतेच थांबलेले आणि गरम असेल, सिलिंडरात पेट्रोलची थोडी वाफ उरलेली असेल, तर पंखा सहज सरळ करायला म्हणून कुणी हाताने अर्धा फेरा दिला तरी एखादा सिलिंडर पेटू शकतो. एका सिलिंडरच्या एका स्फोटात पाते अर्धा फेरा जोरात मारते, आणि हाताची हाडे मोडायला तेवढे पुष्कळ होते. म्हणूनच जगभरच्या हँगरांत एकच शिकवण आहे: स्विच कुठेही असो, पंखा नेहमी 'चालू' आहे असे समजूनच त्याच्याजवळ जायचे.

वेगाचे गणित मांडले की भीती नेमकी होते. पंख्याचा व्यास १.८ मीटर धरू आणि इंजिन अगदी मंद, मिनिटाला ७०० फेऱ्यांवर आहे असे समजू. तेव्हाही पात्याचे टोक ताशी सुमारे २३५ किलोमीटर वेगाने फिरत असते. दोन पाती असल्याने एकाच जागेवरून दर सेकंदाला तेवीस वेळा पाते जाते. धोका दिसल्यापासून हात मागे घ्यायला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्यात त्या जागेवरून चार-पाच वेळा पाते गेलेले असते. म्हणजे 'इंजिन लागले की पटकन बाजूला होऊ' हा विचार शरीराला झेपणाराच नाही. बाजूला होण्याची हालचाल इंजिन लागण्याच्या आधी, पंखा खाली ओढण्याच्या झटक्यातच सुरू झालेली असावी लागते. शिवाय पूर्ण वेगात आलेला पंखा डोळ्यांना दिसतच नाही. समोर फक्त एक पुसट चकती असते. पात्यांची टोके पिवळ्या किंवा पांढऱ्या रंगाने रंगवतात ती एवढ्यासाठी, की त्या पुसटपणात निदान एक रंगीत कडे दिसावे.

अनुभवी मेकॅनिकचे काम पाहणाऱ्याला एखाद्या सराईत नर्तकाचा पदन्यास पाहिल्यासारखे वाटे. आधी तो जमीन पाही. ओले गवत, सुटी खडी, सांडलेले तेल यांपैकी काहीही पायाखाली असेल तर विमान दुसरीकडे न्यायचे. चाकांपुढे चॉक, म्हणजे अडसराचे ठोकळे, लावलेले हवेत, शेपूट दोराने खुंटीला बांधलेले असेल तर उत्तम. गळ्यात मफलर नको, सैल बाह्या नकोत, खिशातून लोंबणारी किल्ल्यांची साखळी नको, बोटात अंगठी नको. मग पाते आडव्यापेक्षा थोडे वर येईल असे लावायचे. दोन्ही तळवे पात्यावर सपाट ठेवायचे आणि बोटांची टोके पात्याच्या मागच्या धारेवरून वळवायची नाहीत. इंजिनाने उलटा झटका दिला तर वळवलेली बोटे पात्याबरोबर ओढली जातात. एक पाय पुढे टाकून पाते खाली ओढायचे आणि त्याच झोकात तो पाय मागे घेत अंग पंख्यापासून दूर न्यायचे. ओढणे आणि मागे जाणे या दोन हालचाली नसून एकच हालचाल हवी. पाते ओढताना जो पुढे झुकतो, त्याचा तोल पंख्याच्या दिशेने जातो, आणि अपघातात सापडलेल्यांची हीच चूक पुन्हा पुन्हा आढळते.

कानही तितकेच लागतात. मॅग्नेटोला बहुधा इम्पल्स कपलिंग नावाची स्प्रिंगची जोड असते. इंजिन पूर्ण वेगात असताना ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याआधी, साधारण २५ ते ३० अंश अलीकडेच पडते. हाताने हळू फिरवताना ती इतक्या लवकर पडली तर पिस्टन उलट ढकलला जाईल आणि पाते हातावर येईल. ही स्प्रिंग चुंबकाला क्षणभर अडवून धरते, मग 'टक्' आवाज करून सोडते. त्यामुळे ठिणगी उशिरा पडते आणि जोरदारही पडते. तो 'टक्' आवाज आला नाही तर मेकॅनिकने हात काढून घ्यावा. स्प्रिंग अडकलेली असू शकते.

फिरण्याची दिशा हाही सवयीचा सापळा होता. 'पुष्पक'चे अमेरिकी इंजिन कॉकपिटमधून पाहिले तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. त्याआधी भारतीय क्लबांत आणि हवाई दलाच्या प्रशिक्षण शाळांत जे ब्रिटिश 'टायगर मॉथ' होते, त्याचे जिप्सी मेजर इंजिन उलट दिशेने फिरते. समोर उभ्या असलेल्या माणसाला एका विमानात डाव्या हाताचे पाते खाली ओढायचे, तर दुसऱ्यात उजव्या हाताचे. पाय कुठला पुढे आणि अंग कुठे वळवायचे, सगळेच त्याबरोबर बदलते. वर 'टायगर मॉथ'ला चाकांचे ब्रेकही नव्हते. चॉक निसटले की विमान थेट अंगावर.

तरीही या कामातला सर्वांत मोठा धोका पात्यात किंवा मॅग्नेटोत नाही. पंख्यासमोरच्या माणसाला कॉकपिटमधला स्विच, इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा थ्रॉटल, ब्रेक यांतले काहीच दिसत नाही. आतल्याला पंख्यासमोरचा माणूस नाकाडाच्या आड अर्धाच दिसतो, कधी दिसतही नाही. एकाचा जीव दुसऱ्याच्या हातात, आणि दोघांमध्ये केवळ आवाज.

हा आवाज शिस्तीत बांधायला वैमानिकांनी एक ठरीव प्रश्नोत्तर घडवले, आणि ब्रिटिश काळापासून भारतीय क्लबांनी ते जसेच्या तसे चालवले. समोरचा ओरडणार, "स्विचेस ऑफ! पेट्रोल ऑन! थ्रॉटल क्लोज्ड!" आतला प्रत्येक शब्द परत म्हणणार. मग पंखा दोन-चार वेळा फिरवून सिलिंडरात पेट्रोल ओढून घ्यायचे. त्यानंतर "कॉन्टॅक्ट!", आतून पुन्हा "कॉन्टॅक्ट!", आणि मग शेवटचा झटका. वरवर हे कवायतीसारखे वाटते, पण त्यातले बारकावे विचारपूर्वक ठरवलेले आहेत. स्विच बंद करायचा असेल तर आतला आधी स्विच बंद करतो आणि मग उत्तर देतो. चालू करायचा असेल तर आधी उत्तर देतो आणि मग स्विच फिरवतो. शब्द आणि कृती यांच्यात क्षणाचे अंतर पडलेच तर ते समोरच्याच्या बाजूने पडावे, ही त्यामागची काळजी. आणि 'स्विच ऑन' न म्हणता 'कॉन्टॅक्ट' म्हणायचे, कारण वाऱ्यात आणि शेजारच्या इंजिनाच्या गोंगाटात 'ऑन' आणि 'ऑफ' सारखेच ऐकू येतात.

इंजिन पहिल्या झटक्यात लागले नाही की खरी कसोटी सुरू होते. दोन-चार प्रयत्नांनंतर सिलिंडरात पेट्रोल जास्त झाले, तर स्विच बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडून, पंखा उलटा फिरवत ते बाहेर काढावे लागते. तोवर समोरचा दमलेला असतो, घामाने तळवे ओले झालेले असतात, आतला कंटाळलेला असतो, उड्डाणाची वेळ टळत असते. आणि थ्रॉटल पुन्हा बंद करायचा राहून जातो. मग "कॉन्टॅक्ट" होते, पंखा ओढला जातो आणि इंजिन मंद चालण्याऐवजी एकदम पूर्ण ताकदीने गर्जते. चॉक ओलांडून विमान उडी घेते. यात यंत्र बिघडलेले नसते. एक प्रश्न विचारायचा राहिलेला असतो.

आत माणूसच नसला तर काय होते, याचा सगळ्यांत विलक्षण पुरावा ३० ऑगस्ट १९५५ रोजी सिडनीने पाहिला. बँक्सटाउन विमानतळावर एका छोट्या 'ऑस्टर' विमानाचे इंजिन उतरल्यावर बंद पडले. वैमानिक एकटाच होता. खाली उतरून त्याने स्वतः पंखा फिरवला. इंजिन लागले, विमान चालू लागले, आणि त्याला गाठता येईना. रिकामे विमान धावत जाऊन चक्क उडाले. पुढचे दोन तासांहून अधिक ते सिडनीसारख्या मोठ्या शहराच्या आकाशात गोल गोल, हळूहळू उंच जात घिरट्या घालत राहिले. खाली लोक जीव मुठीत धरून पाहत होते. कुठे कोसळेल याचा नेम नव्हता. हवाई दलाची विमाने त्याच्या मागे गेली, पण त्यांना ते पाडता आले नाही. अखेर वाऱ्याबरोबर ते समुद्रावर गेल्यावर ऑस्ट्रेलियाच्या नौदलाच्या 'सी फ्युरी' लढाऊ विमानांनी ते पाडले. सुदैवाने कुणी दगावले नाही. पण हवेतल्या विमानाला थोपवायला लष्कर लागले, आणि जमिनीवर चाकांपुढे दोन चॉक पुरले असते.

एकट्याने पंखा फिरवायची वेळ येणारच नाही असे मात्र नाही. अमेरिकेतल्या 'पायपर कब'सारख्या विमानाचे मालक शेपूट खांबाला घट्ट बांधतात आणि पंख्याच्या मागून, दाराशेजारी उभे राहून पाते ओढतात, म्हणजे इंजिन लागले तर हात थेट थ्रॉटलपर्यंत पोहोचतो. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचे उड्डाणशिक्षणाचे अधिकृत पुस्तक मात्र ठामपणे दोन प्रशिक्षित माणसे मागते: एक पंख्यासमोर, दुसरा आत नियंत्रणांवर. आत बसणारा 'फक्त ब्रेक दाबून बस' असे सांगून बसवलेला मित्र किंवा नातेवाईक चालणार नाही. ही अट अनेकदा मोडली जाते.

हाताने चालू करण्यापासून सुटका करून घ्यायचे प्रयत्न विमानांइतकेच जुने आहेत. पहिल्या महायुद्धात बेंटफील्ड हक्स या ब्रिटिश वैमानिकाच्या नावाची एक गाडी आली. फोर्डच्या मोटारीवर एक लांब दांडा बसवलेला, तो पंख्याच्या मध्यभागी अडकवायचा आणि मोटारीच्या ताकदीने पंखा फिरवायचा. मोटारगाड्यांची या त्रासातून सुटका १९१२ साली झाली. चार्ल्स केटरिंग यांनी बनवलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅकला बसला. छोट्या विमानांनी मात्र वजनाच्या धाकाने पुढची कित्येक दशके तो टाळला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला आले, ते 'पस मॉथ' विमानाने. त्या काळात 'मॉथ' घराण्यातल्या विमानांचा पंखा हाताने फिरवणारा माणूस प्रत्येक मुक्कामी हजर असावाच लागे. भारताच्या टपाल विमानसेवेचा इतिहास लिहिताना त्या हातांचीही नोंद व्हायला हवी होती.

आता 'पुष्पक' क्लबांतून गेले, त्यांची जागा सेस्ना १५२ आणि १७२ यांनी घेतली. किल्ली फिरवली की स्टार्टर पंखा फिरवतो. पण पंख्याच्या आसपास माणसे वावरतच असतात, आणि समोरचा व आतला यांच्यातला समज चुकला की मोठ्या विमानातही तेच होते. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबई विमानतळावर हैदराबादला निघालेले एअर इंडियाचे विमान मागे ढकलून झाले. जमिनीवरचे सगळे दूर झाल्याची पक्की खातरजमा होण्याआधीच ते पुढे सरकले आणि त्याच्या इंजिनाने जवळ उभ्या असलेल्या तंत्रज्ञाला आत ओढले. तो जागीच गेला. यंत्र जेट होते, पंखा हाताने फिरवायचा काळ कधीच सरला होता. पण कॉकपिटमधल्याला जमिनीवरचा माणूस दिसत नव्हता, ही जुनी अडचण तशीच होती.

सेस्नाची बॅटरी उतरली की अनेकांना जुना उपाय आठवतो. 'पूर्वी लोक हातानेच तर चालू करायचे!' हा युक्तिवाद फसवा आहे. 'पुष्पक' शेपटीवर बसे, त्याचे नाक वर असे आणि पंखा छातीच्या उंचीला येई. ओढणारा ताठ उभा राहून मागे सरकू शकत असे. सेस्नाचे तिसरे चाक पुढे नाकाखाली आहे, पंखा जमिनीच्या जवळ आहे, म्हणून ओढताना वाकावे लागते, आणि वाकलेला माणूस पंख्याकडे तोलतो. इंजिन मोठे, त्यामुळे दाबही जास्त. स्टार्टर आहे म्हणून पंखा हाताला सोयीच्या कोनात बसवलेलाच असेल असे नाही. मुख्य म्हणजे ज्याने हे काम रोज केले, ज्याच्या पायांत ती लय होती, तो मेकॅनिक आता निवृत्त झाला आहे. बॅटरी बाहेर काढावी, चार्जिंगला लावावी, देखभाल अभियंत्याला बोलवावे. ती का उतरली, हेही त्याच्याकडून तपासून घ्यावे. कारण हाताने इंजिन लागले तरी मेलेल्या बॅटरीने आणि बिघडलेल्या चार्जिंगने उडायचे म्हणजे रेडिओ आणि दिवे केव्हाही जातील या तयारीने उडायचे.

इंजिन थांबवतानाची एक तपासणी आजही चांगले प्रशिक्षक सोडत नाहीत. उड्डाण संपवून विमान जागेवर आले की इंजिन मंद असताना मॅग्नेटोचा स्विच क्षणभर 'ऑफ'वर नेऊन लगेच परत आणायचा. इंजिन दम तोडायला लागले तर दोन्ही मॅग्नेटो खरोखर बंद होतात असे कळते. इंजिन तसेच चालत राहिले तर एखाद्याची तार तुटली आहे. मग इंजिन पेट्रोल तोडून बंद करायचे, पंख्यावर 'हात लावू नका' अशी पाटी अडकवायची, बिघाड वहीत लिहायचा आणि अभियंत्याने तार जोडल्याची सही केल्याशिवाय ते विमान कुणालाही ढकलूसुद्धा द्यायचे नाही.